खैरनारांचे दोन व्ह्यूज

पहिल्याच दिवशी खैरनारांनी मला ऑडिटला उशीर करवला आणि वर साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

आम्ही दोघंही आयर्लंडमधल्या नास गावात राहायचो आणि दोघांचं काम डब्लिनबाहेरच्या एकाच प्लांटमध्ये. हृदयाच्या ऑपरेशनला लागणाऱ्या बारीक नळ्या तिथे बनतात. मी क्वालिटीत, ते नवी मशीनं तपासून पास करणाऱ्या विभागात. माझं इथलं लायसन्स अजून व्हायचं होतं. कुणीतरी सुचवलं, तुमच्याच वसाहतीत नाशिककडचे एक खैरनार आहेत, त्यांच्या गाडीतून जात जा. गेले. मोटरवेवरून उतरल्यावर एका वळणाला त्यांनी गाडी बाजूला घेतली, हॅझर्ड लाइट लावले, काच खाली केली आणि मान बाहेर काढून वर बघत बसले. मला वाटलं, यांना चक्करच आली. मी पर्समध्ये पाण्याची बाटली शोधायला लागले. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान घरघरत गेलं. ते दिसेनासं झाल्यावर काच वर करून म्हणाले, "रंग नवा आहे. पण उजेड नाही." आणि गाडी चालू. मी पोचले तेव्हा ऑडिटरचा चहासुद्धा पिऊन झाला होता. बाप्पा, मी मनातल्या मनात या माणसाला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"उजेड नाही" हे त्यांचं पालुपद. आयर्लंडमध्ये राहून उजेड नाही म्हणायचं म्हणजे समुद्रकाठी राहून हवा खारट आहे म्हणण्यासारखंच, पण त्यांना त्याचं रोज नव्याने वाईट वाटायचं. उंच, जरा पोक काढून चालणारे, मान कायम एका बाजूला कललेली. शर्टाच्या खिशात लेन्स पुसायचं पिवळं फडकं. त्याच फडक्याने चष्मा पुसणार, गाडीचा आरसा पुसणार, आणि एकदा तर न विचारता माझ्या डब्याचं झाकण पुसलं. कुणाच्याही घरी गेले की भिंतीवरची फ्रेम बोटाने सरळ करायची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना ते मागचा पडदा सरळ करायला उठले, तेव्हा सेक्रेटरीबाईंनी जो चेहरा केला तो बघून मला घालीन लोटांगणच्या ऐन मध्यात हसू फुटलं. "क्षितिज वाकडं चालत नाही, ताई," एवढंच स्पष्टीकरण.

ही सगळी शिस्त एका वेबसाइटची. जगभरातले विमानवेडे लोक, खैरनार त्यातलेच, आपण काढलेले विमानांचे फोटो तिथे टाकतात. टाकले की लगेच लागत नाहीत. रांगेत पडतात. मग पगार न घेता काम करणारे दोन तपासनीस एकेक फोटो मोठा करून, डोळ्यात तेल घालून बघतात. क्षितिज कललंय, रिजेक्ट. कोपऱ्यात धुळीचा ठिपका, रिजेक्ट. नाक जरा 'सॉफ्ट', म्हणजे धूसर, रिजेक्ट. खैरनार हीच भाषा घरीदारी वापरत. माझा उपमा एकदा 'सॉफ्ट' म्हणून परत आला. आमच्या डायरेक्टरचं भाषण 'सेंटर नाही' म्हणून. मी विचारलं, काय हो, मी कधी पास होणार? तर म्हणाले, तुम्हाला अपील करता येतं.

पास झालेल्या फोटोखाली एक आकडा असतो, किती जणांनी उघडून बघितला त्याचा. फोटो ज्याचा, त्याने स्वतः उघडला तर तो धरत नाहीत. या आकड्याचं खैरनारांकडे अख्खं शास्त्र होतं आणि ते मला रोज सकाळी गाडीत ऐकावं लागे. एखादं विमान नव्या रंगात पहिल्यांदा आलं आणि तुमचा फोटो सगळ्यांच्या आधी चढला, तर बघणाऱ्यांची झुंबड. दुसऱ्याचा आधी चढला, की तुमच्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही. चाकातून निघणारा धूर चालतो, बर्फ चालतं, पंखावरून सुटलेली वाफ फार चालते. रोज येणारं-जाणारं विमान कितीही सुंदर काढा, कोणी बघत नाही. शुक्रवारी संध्याकाळी लागलेला फोटो उचलतो, सोमवारी सकाळचा पडतो. "आणि सगळ्यात हमखास एकच गोष्ट आहे," असं म्हणून ते थांबत. "ती आपल्या हातात नाही ते बरंय." मी पुढे विचारत नसे. सकाळी सकाळी एवढं ज्ञान पुरे व्हायचं.

त्यांची बायको सुचेता आणि मुलगी ऋचा मला पहिल्यांदा भेटल्या त्या त्यांच्या घरी, जेवायला बोलावलं तेव्हा. सुचेता कमी बोलणारी, पण वाढताना हात सढळ. ऋचा तेव्हा शाळेत. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत, थेट आमच्या किल्डेअर जिल्ह्याच्या सुरात. आम्ही ताटावर बसलो होतो आणि खैरनारांचा फोन वाजला. फोटो पास झाला होता. घरात एकदम धांदल. या घरात एक रीत होती, तिला ते भोपळा फोडणं म्हणायचे. फोटो लागला की शून्यावर राहू द्यायचा नाही. सुचेताने आमटीचा हात पदराला पुसून आपला फोन उघडला, ऋचा तिच्या टॅबलेटसाठी वर पळाली आणि जिन्यावरूनच ओरडली, "फोर, बाबा! इट्स फोर!" खैरनारांचा चेहरा असा फुलला, जसा काही पोरीला बोर्डात नंबर मिळाला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ताई, तुम्हीपण हात लावा. मी माझ्या फोनवरून उघडला, पाच झाले, आणि मला त्या पुण्याबद्दल एक श्रीखंडाची वाटी जास्त मिळाली.

ऋचा शनिवारी त्यांच्याबरोबर विमानतळाच्या कुंपणापाशी जायची. तिथे रस्त्याकडेला गाड्या लावायला जागा आहे, पलीकडे धावपट्टी. मार्टिन नावाचा एक रिटायर्ड बसड्रायव्हर त्याच्या जुन्या लाल गाडीत रोज थर्मास घेऊन बसलेला. कॅमेरा नाही, कॉम्प्युटर नाही, नुसता बघायला येतो. ऋचाला तो बिस्किटं द्यायचा आणि खैरनारांबद्दल तिच्याकडेच चौकशी करायचा, "युवर मॅन आज खूश आहे का?" बापाबद्दल असं 'युवर मॅन', म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी', म्हटलं की पोरगी खिदळायची. ही सगळी गंमत काही वर्षं चालली. पुढे पोरगी मोठी झाली, शनिवारी तिला मैत्रिणी असायला लागल्या. सुचेता एकदा मला म्हणाली, यांना वर बघायची एवढी सवय झालीय की समोर माणूस उभा आहे ते दिसायला वेळ लागतो. हसत म्हणाली होती. मीही हसले होते.

शाळेच्या कार्यक्रमात ऋचा एकटीने टिन व्हिसल वाजवणार होती. आयरिश बासरीच ती. महिनाभर त्या घरातून तीच धून ऐकू येत होती, मला पाठ झाली होती. आणि नेमक्या त्याच दुपारी एक अजस्र मालवाहू विमान, जे या बाजूला कधी फिरकत नाही, डब्लिनला उतरणार असं कळलं. खैरनार म्हणाले, उतरलं की लगेच निघतो. त्याला उशीर झाला. मी हॉलमध्ये सुचेताशेजारी बसले होते. ती दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची आणि मग मांडीवरचा कोट नीट करायची. खैरनार आले तेव्हा खुर्च्या आवरणं चालू होतं. डोकं भिजलेलं, डोळ्यात असा आनंद की बघवेना. पोरीला कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवत म्हणाले, बघ, थोडा उजेड पण आला होता. ऋचाने बघितलं आणि म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा."

या देशात ग्रँड म्हणजे काहीही असतं. हाड मोडलं तरी ग्रँड, नोकरी गेली तरी ग्रँड. त्या फोटोला त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात जास्त व्ह्यूज मिळाले. भोपळा फोडायला त्या दिवशी कोणी जिन्यावरून पळालं का, ते मी विचारलं नाही.

तो उच्चांक नंतर मोडला, आणि मोडायला नको होता. एक साधंसं विमान त्यांनी कधीतरी भुरभुर पावसात काढलं होतं. फोटो वर्षानुवर्षं पडून होता. ते विमान दूर कुठेतरी पडलं. माणसं गेली. बातमीत विमानाचा नंबर आला, जगभरच्या लोकांनी तो नंबर शोधला, आणि खैरनारांच्या त्या पडीक फोटोचा आकडा पिसाळल्यासारखा धावायला लागला. मंडळाचा दसऱ्याचा कार्यक्रम होता. कोणीतरी सांगितलं म्हणून लोक येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारायला लागले. वा खैरनार, व्हायरल झालात. सोनं द्यायला आले ते वर अभिनंदन करून गेले. खैरनार ताट तसंच टाकून बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. मी मागून गेले.

"ताई, ते विमान नाही बघत आहेत," ते म्हणाले. "खिडक्या बघताहेत."

तेव्हा मला कळलं की गाडीत ते कुठल्या हमखास गोष्टीपाशी थांबायचे. त्यांनी वेबसाइटला फोटो काढून टाका म्हणून विनवलं. उत्तर आलं, तो आता रेकॉर्डचा भाग आहे. त्या दिवसापासून त्या पानावर ते पुन्हा गेले नाहीत. सुचेता मात्र मला म्हणाली, परक्या माणसांसाठी यांचा जीव असा तुटतो बघ. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात सुचेता ऋचाला घेऊन मेलबर्नला गेली, तिच्या भावाकडे. सुट्टीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. बॅगा सुट्टीच्या मानाने फार होत्या, हे मला त्यांच्या दारात उभं राहून दिसत होतं. खैरनारांना दिसलं की नाही देव जाणे. विमानतळावर बायको-पोरीला आत सोडून हा माणूस गाडी घेऊन धावत कुंपणापाशी गेला आणि त्यांच्या विमानाचा फोटो काढला. मला हे कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. अहो, काचेपलीकडून दिसेनासे होईपर्यंत हात हलवत उभं राहायचं असतं. पण त्यांची प्रेम करायची तऱ्हाच ती. त्यांना वाटलं, फोटो नीट आला पाहिजे.

त्या परत आल्या नाहीत. सुचेताने फोनवर शांतपणे सांगितलं की ती तिकडेच नोकरी बघते आहे. ऋचा बापाशी बोलेना. आधी मेसेजला उत्तर यायचं, ग्रँड. मग तेही बंद झालं.

तो फोटो रांगेतून पास व्हायला आठवडा लागला. लागल्याचं कळलं तेव्हा खैरनार लंचब्रेकमध्ये माझ्याकडे आले. त्यांनी पान उघडलं होतं ते शून्य बघायच्या तयारीने, कारण आता घरात भोपळा फोडायला होतंच कोण? आणि आकडा दोन होता. फोन माझ्यापुढे धरून उभे राहिले. "ऋचा," म्हणाले. "आणि बहुतेक सुचेतासुद्धा." मी म्हटलं, अरे वा. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून तो माणूस त्या दोनावर जगला. फोटो लागला की दोन. पाऊस असो, ऊन असो, विमान कुठलंही असो, लागल्या लागल्या दोन. पोरगी फोन उचलत नाही, पण बापाचा भोपळा फोडते, यावर त्यांनी सगळी वर्षं काढली. फोटोखाली दोन ओळी माहिती लिहायची सोय असते. तिथे बाकीचे लोक इंजिनाचं नाव लिहितात. खैरनार लिहायचे, आज मार्टिनने तुझ्यासाठी बिस्किट बाजूला ठेवलं. किंवा, कुंपणापाशी ब्लॅकबेरी लागल्यात, यंदा कोणी काढल्या नाहीत. तपासनीस मजकूर असंबद्ध म्हणून रिजेक्ट करत, हे अपील करत, कधी जिंकत, कधी हरत. हरले की तोच फोटो पुन्हा इंजिनाचं नाव घालून टाकत, कारण फोटो लागणं महत्त्वाचं. एकदा ते मेलबर्नला जाऊनही आले. ऋचा आईबरोबर तासभर भेटली, कॉफी प्यायली, सभ्यपणे बोलली. आल्यावर एवढंच सांगितलं, मोठी झाली. मी विचारलं, फोटोंचं काही बोललात का? तर म्हणाले, नाही. विचारलं आणि तिने बघणं बंद केलं तर?

मला त्यांचा राग यायचा. तासभर पोरगी समोर बसली होती, आणि हे तिच्याशी कॉफीच्या चवीबद्दल बोलून आले. पण राग आला तरी रोज सकाळी गाडीत बसल्यावर मीच विचारायची, काय, लागला का? आणि ते म्हणायचे, लागला, दोन. मग माझाही दिवस बरा जायचा. हे मी खोटं नाही सांगत.

असं चालू असताना त्यांना त्या वेबसाइटकडून पत्र आलं. इतक्या वर्षांचं चोख काम बघून तुम्हाला तपासनीस नेमतो आहोत. या पदासाठी तो माणूस किती झुरला होता ते मला माहीत होतं. माझ्यासाठी पेढे, मार्टिनसाठी पेढे, प्लांटच्या कँटीनमध्ये पेढे. आयरिश लोकांनी ते फज समजून खाल्ले. आमच्या डायरेक्टरने विचारलं, पगार किती? खैरनार म्हणाले, नाही. डायरेक्टरने दुसरा पेढा घेतला.

नंतरच्या सोमवारी आम्ही नेहमीसारखे निघालो. मोटरवेवरून उतरल्यावर त्याच जुन्या वळणाला त्यांनी गाडी बाजूला घेतली, हॅझर्ड लाइट लावले. मी वर बघितलं. आभाळात काही नव्हतं. ते स्टिअरिंगकडे बघत होते.

"ताई, ते दोन आमचेच असतात," म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, मशीनचा रिपोर्ट वाचावा तसं. शनिवारी त्यांनी तपासनीस म्हणून पहिला फोटो उघडला होता. कुणा अनोळखी माणसाचा. मोठा केला, तपासला, पास केला. दुसऱ्या तपासनिसाने उघडला, तपासला, पास केला. फोटो लागला, आणि लागताक्षणी त्याच्याखाली आकडा आला, दोन. तो त्या दोघांचाच होता. प्रत्येक फोटोला असंच. साऱ्या जगात, कुणाचाही फोटो, दोनावरच जन्माला येतो.

"मी काय काम करतो, ताई?" त्यांनी विचारलं. "पॅनमध्ये काही नसताना काटा काय दाखवतो ते बघितल्याशिवाय मी एक वजनकाटा पास केलाय कधी? आयुष्यभर हेच करत आलो. आणि इथे रिकामा काटा दोन दाखवत होता."

मी म्हटलं, तरीही ती बघत असेल, नंतर कधीतरी, तुम्हाला काय माहीत. ते माझ्याकडे वळले. तो चेहरा मला अजून विसरता येत नाही.

"ऋचा जिन्यावरून काय ओरडायची, आठवतं तुम्हाला?"

आठवत होतं.

"चार," खैरनार म्हणाले. "त्या होत्या तेव्हा चार असायचे."

दोन तपासनिसांचे आणि दोन घरातले. त्या गेल्या त्याच आठवड्यापासून दोन. कळायचं सगळं पहिल्या दिवशीच समोर लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते इतकी वर्षं उलटं वाचलं होतं. बाजूने ट्रक जात होते, गाडी हलत होती. मी नागपूरची, बडबडी बाई, पण त्या दिवशी प्लांटच्या गेटपर्यंत मी नुसती पर्सची चेन उघडबंद करत राहिले. गाडी लावल्यावर त्यांनी पिवळं फडकं काढून चष्मा पुसला आणि तो पुन्हा घालायला बराच वेळ लावला.

मला वाटलं, आता कॅमेरा सुटणार. एका अर्थी सुटावा असंही वाटलं. कुंपणापाशी जाणं थांबलं तर हा माणूस फोन लावेल, तिकीट काढेल, पोरीसमोर बसून रडेल, काहीतरी करेल. तसं काही झालं नाही. ते दर शनिवारी जातच राहिले. पण काढायचे काय? रोज सकाळी येऊन रोज जाणारी, हिरव्या शेपटीची तीच तीच विमानं. तीही ढगाळ दिवशी, बाजूने, ना धूर ना वाफ. नवा रंग आला तर कॅमेरा खाली. मार्टिन मला एकदा काळजीने म्हणाला, युवर मॅनला काय झालंय, सगळे ज्याच्यासाठी धावत येतात त्याच्याकडे हा पाठ करून उभा राहतो.

मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, त्याच जुन्या शास्त्राच्या आवाजात. असला फोटो कोणी उघडत नाही. तपासनिसांना तो रिजेक्टही करता येत नाही, कारण क्षितिज सरळ, धूळ नाही, नाक स्वच्छ. सोमवारी सकाळी लागेल असा बघून टाकायचा. मग तो दोनावर राहतो, महिनोन्महिने. जगातल्या कुणालाही ज्याच्याशी कर्तव्य नाही असा फोटो. "तो जर कधी तीन झाला," ते म्हणाले, "तर तिसरं दुसरं कोण असणार?"

कुठली गोष्ट केल्याने लोक बघतात ते सगळं आयुष्यभर शिकलेला हा माणूस आता कुणी बघू नये म्हणून तेच सगळं उलटं वापरत होता. मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला रडू आलेलं त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. किती झाले असे फोटो, मी विचारलं नाही. तीन झाला का कुठला, हेही नाही. झाला असता तर त्यांनीच सांगितलं असतं.

नंतर माझ्या आईचं दुखणं वाढलं आणि मी आणि माझ्या नवऱ्याने गाशा गुंडाळून नागपूरला परतायचं ठरवलं. विमानतळावर सोडायला खैरनारच आले. माझ्या नवऱ्याबरोबर बॅगा उतरवल्या, ट्रॉलीवर नीट, कडेला कड लावून रचल्या. मला म्हणाले, डावीकडच्या खिडकीत बसा. मग जरा थांबून, मान अजून तिरकी करून म्हणाले, "ताई, एक शब्द द्या. फोटो लागेल. तुम्ही तो उघडायचा नाही. आज नाही, कधीच नाही."

मी शब्द दिला. त्यांनी हात जोडले आणि गाडीकडे निघाले. आम्ही आत जाईपर्यंत थांबले नाहीत. त्यांना कुंपण गाठायचं होतं.

विमान धावपट्टीवर वळलं आणि मला मार्टिनची लाल गाडी दिसली. तिच्यापुढे खैरनार. पाऊस भुरभुरत होता, उजेड नव्हता. कॅमेरा डोळ्याला लावलेला, आणि मान, जन्मात पहिल्यांदा मी बघितली, अगदी सरळ. मी काचेला कपाळ टेकवून हात हलवत राहिले, वेड्यासारखी, जसा कोणीतरी कधीतरी त्यांच्यासाठी हलवायला हवा होता. क्षणात ते मागे पडले.

आता मी इथे नागपुरात, धंतोलीत, आईच्या उशाशी बसून कधीकधी त्यांचं पान काढते. यादीत फोटो बोटाएवढे दिसतात आणि आकडा खालीच असतो, उघडावं लागत नाही. राखाडी आभाळ, एकाखाली एक सारखीच विमानं, सगळ्यांची क्षितिजं सरळ. त्यात एक आमचं आहे. त्याच्या डाव्या बाजूच्या एका खिडकीत मी आहे, हात हलवते आहे. मोठा करून बघितला तर कदाचित दिसेनही. पण मोठा करायचा तर उघडावा लागेल.

खाली आकडा दोन आहे.